काचेखालचे नमुने

अजब बंगला कोठे आहे हे नागपूरकराला विचारावे लागत नाही. कागदोपत्री त्याचे नाव मध्यवर्ती संग्रहालय, स्थापना १८६३ सालची. परंतु खेड्यावरून पाहुणा आला की तो 'अजब बंगला दाखवा' असेच म्हणतो, आणि आम्हीही लहानपणी वडिलांचे बोट धरून तो ह्याच नावाने पाहिला. पेंढा भरलेली जनावरे, दगड, नाणी, जुनी हत्यारे. प्रत्येकापुढे काच आणि काचेआड एक चिठ्ठी. वडिलांना वाचता येत नव्हते. ते आम्हांस चिठ्ठी वाचावयास लावीत. 'अमक्या दगडाचा नमुना', 'तमक्या धान्याचा नमुना' असे आम्ही वाचीत चाललो, तेव्हा ते हसून म्हणाले, "आपल्या चाळीतले नमुने ह्यांनी अजून पाहिलेले दिसत नाहीत."

आपल्या बोलीत नमुना ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. पुष्कळांपैकी एक म्हणून दाखवायला ठेवलेली वस्तू, हा एक. आणि ज्याच्याकडे बोट दाखवून हसावे असा माणूस, हा दुसरा. आज ज्या चित्रांविषयी आम्ही चार शब्द सांगणार आहोत, त्यांत हे दोन्ही अर्थ एकत्र आलेले आहेत. ही चित्रे इंग्लंडातली, राणी व्हिक्टोरियाच्या काळातली, मोठमोठ्या प्रदर्शनांची थट्टा करणारी. नागपुरातल्या कामगार चळवळीतल्या माणसाने त्यांच्या भानगडीत का पडावे, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. त्याचे उत्तर शेवटी द्यावे असा आमचा विचार आहे.

आमचे शाळेतले शिक्षण फारसे झाले नाही. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर सार्वजनिक ग्रंथालयात बसून. इंग्रजी अडखळत वाचणाऱ्याला चित्रांचा मोठा आधार असतो. 'पंच' ह्या लंडनच्या विनोदी साप्ताहिकातली जुनी चित्रे चाळताना एप्रिल १८५० मधल्या एका चित्रापाशी आम्ही थांबलो. चित्रकार जॉन लीच. पुढच्या वर्षी लंडनमध्ये सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचे महाप्रदर्शन भरावयाचे होते. राणीचे यजमान प्रिन्स अल्बर्ट हे त्या खटपटीचे अध्वर्यू. चित्रात कुबड्या, लांब नाकाचा पंच ह्या राजपुत्राला आपले स्वतःचे औद्योगिक प्रदर्शन दाखवीत आहे. नाजूक वस्तूंवर धूळ बसू नये म्हणून त्या काळी घंटेच्या आकाराची काचेची झाकणे घालीत. तशी चार मोठी झाकणे मांडली आहेत. एकीखाली शिवणकाम करून पोट जाळणारी बाई. दुसरीखाली पंचाहत्तर वर्षांचा मजूर. तिसरीखाली विपन्न जोडे शिवणारा. चौथीखाली ठेकेदाराच्या पिळवणुकीत घाम गाळणारा शिंपी. मथळ्याचा आशय असा की, हे पंचसाहेबांच्या १८५० च्या प्रदर्शनातले नमुने आहेत. १८५१ पर्यंत ह्यांच्यात सुधारणा व्हावयाची आहे!

ह्या चित्रापाशी आम्ही का थांबलो तेही सांगतो. सतराव्या वर्षी आम्ही एका कारखान्यात लागलो. वर्षातून एखादे वेळी बडे पाहुणे येत. त्या दिवशी सकाळी सर्वांना नवे हातमोजे वाटीत, यंत्रांभोवतीची जाळी रंगवीत, आणि ज्यांची बोटे तुटलेली होती अशा दोघातिघांना भरपगारी सुटी देत. पाहुणे येत, आमच्याकडे पाहून माना डोलावीत आणि चहाला जात. संध्याकाळी हातमोजे मोजून परत घेतले जात. लीचचे चित्र पाहिले तेव्हा आम्हांस ते हातमोजे आठवले. त्या दिवशी आम्ही काचेखालीच होतो, फक्त काच दिसत नव्हती.

आता हे चित्र एकाएकी कोठून आले नाही. 'पंच' १८४१ साली निघाले. त्याच्या संस्थापकांपैकी हेन्री मेह्यू ह्यांनी १८४९ पासून एका दैनिकात लंडनच्या श्रमिकांविषयी पत्रे लिहिली होती. शिवणकाम करणाऱ्या बायका, शिंपी, गोदीतले हमाल ह्यांच्या खोल्यांत जाऊन, त्यांची मिळकत किती, भाडे किती, उरते काय, हे त्यांच्याच तोंडून घेतलेले. त्याआधी १८४३ च्या नाताळात टॉमस हूड ह्यांची सदरे शिवणाऱ्या बाईवरची कविता 'पंच'मध्येच आली होती आणि साऱ्या इंग्लंडात गाजली होती. म्हणजे काचेखालच्या त्या बाईला वाचक ओळखीत होते. लीचने तिला नेऊन राजपुत्रासमोर ठेवली एवढेच. प्रदर्शन उद्योगाचे आहे ना? मग उद्योग करणारा कोठे आहे? त्या चित्रातला प्रश्न इतका साधा आहे.

महाप्रदर्शन १ मे १८५१ रोजी हाइड पार्कमध्ये उघडले आणि १५ ऑक्टोबरपर्यंत चालले. जोसेफ पॅक्स्टन ह्यांनी लोखंड आणि काच ह्यांची अठराशे फुटांहून लांब इमारत उभी केली. तिला 'क्रिस्टल पॅलेस' हे नाव चिकटले तेही 'पंच'च्याच पानांतून. साठ लाखांवर माणसे येऊन गेली. सुरुवातीला तिकीट एक पौंड, मग पाच शिलिंग. २६ मेपासून सोमवार ते गुरुवार एक शिलिंग. ह्या एक शिलिंगाच्या दिवसांची बड्या लोकांनी फार धास्ती घेतली होती. तीनच वर्षांपूर्वी, १० एप्रिल १८४८ रोजी, मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट कामगारांची लंडनमध्ये मोठी सभा झाली होती आणि तिच्या बंदोबस्तासाठी सरकारने राजधानीत सैन्य आणून ठेवले होते. तेच लोक आता शिलिंग टाकून काचेच्या महालात शिरणार! प्रत्यक्षात कामगार आले, आपल्या बायकापोरांसह आले, शिदोरी सोडून खाल्ली, यंत्रे बारकाईने पाहिली आणि घरी गेले. काच फुटली नाही.

ह्या प्रसंगावर लीचने जून १८५१ मध्ये दुसरे चित्र काढले. 'पौंड आणि शिलिंग' असे त्याचे नाव. एका बाजूला उमराव मंडळी, दुसऱ्या बाजूला कामगाराचे कुटुंब. दोघे समोरासमोर आले आहेत आणि तुम्ही इथे कसे, असा भाव दोन्हीकडच्या चेहऱ्यांवर आहे. चित्र गमतीचे आहे, चांगलेही आहे. परंतु वर्षभरापूर्वीच्या चित्रात जो डंख होता तो ह्यात नाही. एकदा प्रदर्शन यशस्वी ठरले तसे 'पंच' निवळत गेले आणि त्याचे गुणगान करू लागले. थट्टा करणाऱ्याला यशाची बाधा लवकर होते, हे आम्ही सभांतल्या विनोदी वक्त्यांच्या बाबतीतही पाहिलेले आहे.

जॉर्ज क्रुइकशँक हा ह्या कलेतला जुना उस्ताद. धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा खोदून छापलेली त्याची चित्रे मेह्यूंच्या एका विनोदी कादंबरीसाठी होती. एका गावचे कुटुंब प्रदर्शन पाहायला लंडनला जाते आणि त्याची फजिती होते, असा तिचा विषय. एका चित्रात पृथ्वीचा गोल, त्याच्या माथ्यावर काचेचा महाल आणि चोहोबाजूंनी त्याच्याकडे निघालेली जगभरची माणसे. मुंग्या गुळाच्या ढेपेला लागाव्यात तशी. दुसरी एक जोडी आहे. १८५१ चे लंडन: रस्त्यात पाय ठेवायला जागा नाही. १८५१ चे मँचेस्टर: दुकाने बंद, रस्ता ओस. सारे गाव प्रदर्शनाला गेले आहे.

हे ओस मँचेस्टर आपण नागपूरकरांनी जरा निरखून पाहावे. कारण मँचेस्टरचे मागावरचे काम खरोखरच थांबले तर काय होते, हे त्या चित्रानंतर दहाच वर्षांत कळून आले. १८६१ साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला, लँकशायरमधले हजारो कामगार उपाशी बसले आणि गिरणीमालकांचे डोळे हिंगणघाटच्या आणि वऱ्हाडच्या कापसाकडे लागले. प्रदर्शन म्हणजे नुसती जत्रा नव्हे. काय कोठे पिकते, कोठे काय खपते, ह्याचा तो बाजार असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे लंडनच्या काचेच्या महालापासून आपल्या गावापर्यंतचा रस्ता दिसू लागतो.

१८५१ च्या प्रदर्शनात हिंदुस्थानचा विभाग मोठा होता. दोनच वर्षांपूर्वी पंजाबच्या बालराजाकडून घेतलेला कोहिनूर तेथे पिंजऱ्यात ठेवला होता. तो पाहिजे तसा चमकेना, म्हणून लोक हिरमुसले आणि विनोदी पत्रांना खाद्य मिळाले. पुढच्याच वर्षी त्याला पैलू पाडताना १८६ कॅरटांचा तो हिरा १०५ कॅरटांवर आला. हौदा दाखवण्यासाठी हत्ती हवा होता. इंग्लंडातल्याच एसेक्स परगण्यातील एका संग्रहालयाकडून पेंढा भरलेला हत्ती आणून त्याच्यावर हिंदी झूल चढविली. झूल आमची, हत्ती उसना! आणि ज्यांनी ती झूल विणली त्यांचा पत्ताच नाही. हे सर्व चालू असताना इकडे नागपुरात भोसल्यांचे राज्य अजून उभे होते. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये वारले, पुढील वर्षी राज्य खालसा झाले आणि वाड्यातले हत्ती, घोडे, जडजवाहीर लिलावात निघाले.

त्यानंतर आपल्याकडेही प्रदर्शने सुरू झाली. मध्य प्रांत १८६१ मध्ये निर्माण झाला. सर रिचर्ड टेंपल चीफ कमिशनर असताना डिसेंबर १८६५ मध्ये नागपुरात कला, कारागिरी आणि उत्पन्न ह्यांचे प्रदर्शन भरले. आगगाडी अजून नागपुरास पोचायची होती. ती आली १८६७ मध्ये. तेव्हा माल आला तो बैलगाड्यांतून. टेंपलसाहेबांना नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही; रस्ते, शाळा, पाहणी ह्यांत त्यांनी पुष्कळ काम केले. पण ज्या वेळी इकडे विणकराचे कसब मांडले जात होते, त्याच वेळी लंडनच्या इंडिया ऑफिसात डॉ. फॉर्ब्स वॉटसन हिंदी कापडाचे तुकडे कापून ग्रंथात चिकटवीत होते. १८६६ मध्ये त्यांचे १८ खंड तयार झाले. त्यांत ७०० नमुने. अशा २० प्रती केल्या. १३ विलायतेत ठेवल्या, ७ हिंदुस्थानात पाठविल्या. हेतू उघड होता: हिंदी गिऱ्हाइकाला कोणता काठ, कोणता पोत आवडतो ते मँचेस्टरच्या गिरण्यांनी पाहावे आणि तसे कापड यंत्रावर काढावे. नागपूर-उमरेडच्या कोष्ट्यांची रेशीमकाठी धोतरे आणि लुगडी दूरवर नावाजलेली. पुढे गिरणीच्या स्वस्त कापडापुढे हातमागाची काय दशा झाली, ते विदर्भातल्या कोष्टी घरांना कोणी सांगावयास नको. नमुना म्हणून वाखाणला जाणे आणि पोटावर पाय येणे ह्या दोन गोष्टी एकाच काळात घडू शकतात.

आता आम्ही ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिच्यापाशी येतो. नागपूरच्या पाठोपाठ, १८६६-६७ मध्ये, ह्याच प्रांतातल्या जबलपुरास प्रदर्शन भरले. त्या प्रदर्शनात वस्तूंबरोबर माणसेही आणली. डोंगराळ मुलखातल्या आदिवासींना तेथे उभे करून त्यांची तपासणी करण्यात आली. त्यासाठी एक समिती होती आणि तिचा अहवाल १८६८ मध्ये आमच्या ह्याच नागपुरात, चीफ कमिशनरच्या कचेरीच्या छापखान्यात छापला गेला. त्याच्या लांबलचक शीर्षकात स्पष्ट शब्द आहेत: जबलपूर प्रदर्शनात आणलेल्या आदिम जमातींच्या नमुन्यांची तपासणी. नमुन्यांची! शीर्षकात गावाला जागा आहे, सालाला जागा आहे. माणूस ह्या शब्दाला नाही.

लीचने १८५० मध्ये माणूस काचेखाली ठेवला, तो वाचकाला लाज वाटावी म्हणून. अठरा वर्षांनी आपल्या प्रांतात तेच सरकारी कागदावर गंभीरपणे छापले गेले आणि कोणाला हसू आले नाही. कलकत्त्यास तर ह्याहून मोठा बेत चालला होता. डॉ. फेरर ह्यांनी एशियाटिक सोसायटीपुढे सूचना मांडली होती की, जुन्या जगातल्या निरनिराळ्या वंशांची माणसे एका ठिकाणी आणून त्यांचे प्रदर्शन करावे. आसामच्या कमिशनराने शंका काढली, ती अशी की, डोंगरी लोकांपैकी काही वाटेत मेले तर राजकीय अडचणी उत्पन्न होतील. कर्नल डॉल्टन ह्यांच्या १८७२ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत हा प्रकार आला आहे. प्रदर्शन रहित झाले, ग्रंथ मात्र झाला. माणूस मरण्याची चिंता होती ती अशा प्रकारची.

आणि पुढे १८८६ मध्ये लंडनच्या वसाहतींच्या प्रदर्शनात हिंदी कारागीर जिवंत काम करताना दाखविले. पिढीजात कसबी म्हणून लोक त्यांच्याभोवती गर्दी करीत. त्यांच्यातले पुष्कळ जण आग्र्याच्या तुरुंगात कसब शिकलेले होते. असे चित्र एखाद्या विनोदी चित्रकाराने कल्पनेने काढले असते तर अतिशयोक्ती म्हणून आपण ते बाजूला ठेवले असते.

मग थट्टेच्या ह्या चित्रांचा उपयोग काय झाला? आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. उपयोग झाला, पण त्याला मर्यादा होती. 'पंच'ची चित्रे लाकडी ठशांवरून छापीत. चित्रकार गुळगुळीत लाकडावर पेन्सिलीने रेखाटी आणि कोरक्ये लोक रातोरात त्या रेषा कोरून काढीत. चित्र मोठे असले तर ठोकळ्याचे भाग पाडून ते अनेकांना वाटून देत आणि सकाळी पुन्हा जोडीत. चित्रावर सही लीचची. रात्र जागवणारे कोरक्ये बहुधा अनामिकच राहिले. शिवणारणीचे दुःख दाखवणाऱ्या त्या चित्रामागेही असे न दिसणारे हात होते. आणि दुसरी मर्यादा ह्याहून मोठी. चित्रातली ती चार माणसे गप्प आहेत. बोलतो तो पंच, ऐकतो तो राजपुत्र. काचेखालच्याला दया मिळाली, वाचा मिळाली नाही.

पंचाची ही जात आपल्याकडेही आली. मुंबईत १८५४ मध्ये 'पारशी पंच' निघाले, त्याचेच पुढे 'हिंदी पंच' झाले. ठाण्याहून 'हिंदू पंच' निघे. विलायती पंच हा बाहुल्यांच्या खेळातला विदूषक. आपल्याकडे येताच तो पंचोबा झाला, म्हणजे चावडीवर बसून निवाडा करणारा. हा फरक आम्हांस फार आवडतो. कारण निवाड्यासाठी वादी आणि प्रतिवादी दोघांनाही बोलू द्यावे लागते.

आणि खरोखरच त्याच सुमारास काचेखालची माणसे बोलू लागली होती. १ जानेवारी १८७७ रोजी, दिल्लीत राणीला सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच वर्षी तेथील कामगारांनी मजुरीच्या दरावरून संप केला. हिंदुस्थानच्या कामगार इतिहासात नोंद झालेल्या अगदी आरंभीच्या संपांत तो गणला जातो. १८८४ मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सादर केला. आठवड्यात एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, वेळेवर पगार, अपघात झाल्यास भरपाई. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. आपण आज ज्या रविवारी व्याख्यानाला येऊन बसतो, त्या रविवाराचा इतिहास हा असा आहे.

परंतु ह्या साऱ्या चित्रमालिकेचे शेवटचे चित्र आमच्या मते पुण्यात काढले गेले, आणि ते कागदावर नव्हते. २ मार्च १८८८ रोजी राणीचे चिरंजीव ड्यूक ऑफ कॅनॉट ह्यांच्यासाठी तेथे मेजवानी झाली. जडजवाहीर ल्यालेली बडी मंडळी जमली होती. तेथे महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात आले आणि उभे राहून बोलले. ही मंडळी म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खरा हिंदुस्थान खेड्यात उपाशी आणि उघडा आहे, हे आपल्या मातोश्रींना सांगा, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हा ड्यूक १ मे १८५० रोजी जन्मला होता. लीचचे चित्र त्याच्या आधी काही दिवसांचे. त्या चित्रात काचेखालचे नमुने पाहत उभा असलेला प्रिन्स अल्बर्ट हा त्याचा बाप. बापाला नमुने दाखवायला पंच लागला. मुलापुढे नमुना स्वतः चालत गेला आणि स्वतःच्या तोंडाने बोलला. मधे अडतीस वर्षे गेली.

आरंभी जो प्रश्न होता त्याचे आमचे उत्तर हेच आहे. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद झाली. तिच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या पिढीतले लोक आज आपल्या मुलांचे बोट धरून नव्या प्रदर्शनांना जातात. तेथेही काच आहे, दिवे आहेत, एखाद्या कोपऱ्यात माग मांडून बसवलेला एखादा विणकर आहे. मध्यंतरी अशाच एका प्रदर्शनात आम्ही एका वृद्ध विणकराजवळ बसलो. लोक येत, फोटो घेत, पुढे जात. आम्ही विचारले, "काका, दिवसाचे काय मिळते?" त्यांनी धोटा थांबविला, आमच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाले, "सकाळपासून हे विचारणारे तुम्ही पहिलेच." मग त्यांनी सर्व हिशोब सांगितला. सुताचा भाव, रंगाचा भाव, साडीला लागणारे दिवस, व्यापारी देतो ती रक्कम. आजूबाजूला दहा-बारा माणसे जमली आणि मुकाट्याने ऐकू लागली.

आमचे वडील आज असते तर आम्ही त्यांना पुन्हा अजब बंगल्यात नेले असते. चिठ्ठ्या वाचून दाखविल्या असत्या, आणि चाळीतले नमुने आता स्वतःच चिठ्ठ्या लिहू लागले आहेत, असे सांगितले असते.